अम्मीची टेप

आमचं घर फोटोग्राफरचं. अब्बांनी मिरजेत त्रेचाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. १९६५ साली दर्ग्याच्या रस्त्यावर एका खोलीत तो सुरू झाला आणि २००८ साली बंद झाला. या काळात त्यांनी किती नवरानवरींना शेजारी बसवलं, किती शाळांचे वर्ग बाकांवर उभे केले, किती तान्ह्या बाळांना खुळखुळा दाखवून हसवलं, याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. आणि तरीही आमच्या अम्मीचा साऱ्या आयुष्यातला धड म्हणावा असा फोटो एकच आहे. तोही हजच्या अर्जासाठी काढलेला, १९९८ सालचा.

बाकीच्या फोटोंत अम्मी आहे, पण नसल्यासारखी. मामूंच्या लग्नात बायकांच्या घोळक्यात कडेला, पदर तोंडाशी धरलेली. ईदच्या दिवशी आम्हा भावंडांच्या मागे, दारात, अर्धी अंधारात. कॅमेरा तिच्याकडे वळला की ती मान वळवायची. यात धर्माचा हट्ट नव्हता. मोहल्ल्यात तसवीर काढणं बरं न मानणारे काही बुजुर्ग होते. ते अब्बांना सलाम करीत, पण दुकानाची पायरी चढत नसत. हजच्या अर्जाला फोटो लागतो म्हटल्यावर मात्र तेही टोपी सारखी करून स्टुलावर येऊन बसले, आणि अब्बांनी त्यांना चहा पाजला. अम्मीचं तसं काही नव्हतं. ती नुसती लाजायची. ज्या माणसाबरोबर संसार केला त्यानं एक डोळा मिटून आपल्याकडे टक लावून पाहावं, हे तिला सोसत नसे.

२००३ साली अम्मीचा इंतकाल झाला. भिंतीवर फोटो लावायची आमच्याकडे पद्धत नाही. पण भाईजाननं तो हजचा फोटो पोस्टकार्डाएवढा करून घेतला आणि अब्बांनी तो कपाटात कुराणशरीफच्या खालच्या कप्प्यात ठेवला. पासपोर्टचा फोटो मोठा केल्यावर चेहरा जसा दिसतो तसाच तिचा दिसतो. सरळ, गंभीर, कुणा परक्या साहेबाला दाखवण्यासाठी धरलेला. पण स्वच्छ. भुवईतला केस न् केस मोजता येईल इतका. त्या स्वच्छपणाचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. अब्बांचा हात होता, त्यात काय नवल!

अब्बांचा पहिला कॅमेरा लाकडी होता, तीन पायांवर उभा, मागे काळं कापड. त्या कापडात शिरून मी लहानपणी एकदा पाहिलं होतं. दुधी काचेवर दादा उलटे दिसत होते, डोकं खाली आणि पाय वर, पण रंग असे की खरे दादा त्यापुढे फिके वाटावेत. नंतर दोन डोळ्यांची यशिका आली. मग १९८४ च्या सुमाराला सौदीहून परतलेल्या एका नातेवाइकाकडून अब्बांनी निकॉनचा एफएम-२ घेतला, त्याबरोबर ५० मिलिमीटरची एक लेन्स. त्या दिवशी घरात गोड केलं होतं.

भाईजानला अब्बांनी हे सगळं शिकवलं. फिल्म भरणं, प्रकाश मोजणं, हायपोच्या वासात उभं राहून प्रिंट काढणं, निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करणं. मी दाराबाहेर उभी असायची. एकदा मी मागणी केली तेव्हा अब्बा म्हणाले होते, "हायपोनं हात खराब होतात, बेटा. तुला पुढे लग्न करायचंय." त्यांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. रागावले असते तर मी भांडले असते. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, खडूनं हात पांढरे केले. लग्न झालं, कोल्हापूरला गेले. पण डार्करूमच्या दाराखालून येणारा तो लाल उजेड मनातून गेला नाही. अब्बांनी मला लिहायवाचायला शिकवलं, सायकल शिकवली, हिशेब शिकवला; स्वतःचं हुनर तेवढं दिलं नाही, हे मी पस्तीस-चाळीस वर्षं मनात धरून होते. तोंडानं कधी बोलले नाही.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हांचे खोके भाईजानच्या सांगलीच्या घरी गेले. तळमजल्यावरच्या खोलीत ठेवले होते. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरात ते सगळे पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर खोक्यांतून जे निघालं त्याला चिखलाच्या वड्या म्हणावं लागेल. अब्बांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अल्लाची अमानत होती." आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

वाचल्या त्या फक्त मिरजेच्या घरात राहिलेल्या दोन वस्तू. एफएम-२, त्याचं शटर आता अडकतं. आणि ती ५० ची लेन्स. अब्बांनी ती स्टीलच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली होती. कडेला बुरशीचा एक बारीक धागा आहे, बाकी काच स्वच्छ.

२०२१ साली मी निवृत्त झाले. शोहरांचं निधन त्याआधीच झालं होतं, मुली आपापल्या घरी. मी मिरजेला अब्बांजवळ राहायला आले. त्यांची नजर तेव्हा जवळजवळ गेली होती. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. पण दुखणं पडद्याचं होतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध एक लहानशी जागा असते, तिला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक नजर तिथली. म्हातारपणी कुणाकुणाची तीच जागा झिजते. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. डॉक्टरांनी चौकोनी रेघांचा एक कागद दिला होता. मधल्या टिंबाकडे पाहायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. आधी अब्बांना त्या वाकड्या दिसू लागल्या, मग मधोमध धूर. अब्बा म्हणाले, "स्प्लिटच गेलं गं."

त्याचा अर्थ मला नंतर कळला. जुन्या कॅमेऱ्यात पाहिलं की मधोमध एक लहान वर्तुळ असायचं, आडव्या रेघेनं दुभागलेलं. फोकस नसला की माणसाचं नाक वरच्या अर्ध्यात एकीकडे आणि खालच्या अर्ध्यात दुसरीकडे. रिंग फिरवत नेली की दोन्ही तुकडे सरकत येऊन जुळायचे. जुळले की फोकस झाला. आयुष्यभर ज्या जागेवर त्यांनी माणसं जुळवली, त्यांच्या डोळ्यातली नेमकी तीच जागा गेली होती.

मला अब्बांचा फोटो हवा होता. अम्मीसारखं होऊ नये एवढंच मनात होतं. पुण्याला नोकरी करणारा माझा पुतण्या ईदला आला, तेव्हा त्याच्याकडे निकॉनचा डी-७२०० होता, सेकंडहँड घेतलेला. मी स्टीलचा डबा उघडून त्याला लेन्स दाखवली. तो म्हणाला, "फुप्पी, ही यावर बसते." आणि खरंच, थोडीशी फिरवल्याबरोबर ती खटकन बसली. निकॉननं १९५९ साली लेन्स बसवायची जी रीत धरली ती या कॅमेऱ्यापर्यंत तशीच राहिली आहे. मेनूमध्ये जाऊन फक्त सांगावं लागतं की लेन्स ५० ची आहे आणि १.८ पर्यंत उघडते. मग कॅमेरा प्रकाश मोजतो. फोकस मात्र आपला आपण करायचा. पुतण्या ईदनंतर कॅमेरा माझ्याकडेच ठेवून गेला. जाताना म्हणाला, "ऑटोफोकसची लेन्सपण ठेवतो, फुप्पी. उगाच त्रास कशाला?"

पहिल्या दिवशी मी अब्बांचे चाळीस फोटो काढले. कॅमेऱ्यात पाहताना सगळे छान दिसत होते. मागच्या पडद्यावर मोठे करून पाहिले तर एकही धड नाही. कुठे कान स्वच्छ आणि डोळे पुसट, कुठे सदऱ्याचं बटन स्वच्छ आणि अब्बा धुरात. मला रडू आलं. साठीला टेकलेल्या बाईला फोटो नीट आला नाही म्हणून रडू यावं, याची लाजही वाटली.

मग मी शिक्षिकेसारखी शिकायला बसले. पहिली चूक माझ्या चष्म्याची निघाली. व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चक्र असतं, डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं. ते समोरच्या माणसाकडे पाहून फिरवायचं नसतं. आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायचं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. माझीच नजर पुसट, तिथे अब्बा स्वच्छ कसे दिसणार?

दुसरी गोष्ट पुतण्यानं फोनवर सांगितली. ऑटोफोकस आल्यापासून कॅमेऱ्यातली ती मधली दुभागलेली काच गेली. आताच्या कॅमेऱ्याची काच उजळ असते, पण ती कमी उघडणाऱ्या लेन्सांसाठी बनवलेली. १.८ वर उघडलेली लेन्स तिच्यात २.८ च्या आसपास असल्यासारखी दिसते. म्हणजे जे पुसट येणार आहे तेही डोळ्याला स्वच्छ भासतं. कॅमेरा खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही.

तिसरी गोष्ट मी स्वतः मोजली. नमाजच्या वेळांचं कॅलेंडर टेबलावर तिरकं ठेवलं, मधल्या तारखेवर फोकस केला आणि फोटो मोठा करून पाहिलं की कोणत्या ओळी स्वच्छ आल्या आहेत. पाच फुटांवरून, लेन्स पूर्ण उघडी असताना, या कॅमेऱ्यात जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा स्वच्छ येतो. चार बोटं! श्वास घेतला की माणूस तेवढा हलतो. २.८ वर आणलं तर तो पट्टा दहा सेंटिमीटरचा होतो, ८ वर जवळजवळ फूटभर; पण ८ ला उजेड हवा, आणि अब्बांच्या खोलीत तो नाही. लेन्सच्या अंगावर रंगीत रेघा आहेत, किती अंतर स्वच्छ येईल ते दाखवणाऱ्या. त्या फिल्मच्या हिशेबानं कोरलेल्या. या कॅमेऱ्यातला सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यावरचं चित्र जास्त मोठं करावं लागतं, म्हणून त्या रेघांवर पूर्ण विसंबता येत नाही. ११ वर काढायचा असेल तर ८ च्या रेघा धरायच्या.

व्ह्यूफाइंडरमध्ये खाली एक हिरवं टिंब असतं. फोकस झाला की ते लागतं. मी त्यावर भिस्त ठेवली. पण कॅलेंडरनं सांगितलं की टिंब रिंगच्या एका ठिकाणी लागत नाही, थोड्या पट्ट्यात लागलेलं राहतं. त्या पट्ट्यात नेमकी जागा कुठली, हे टिंबाला माहीत नाही. पडद्यावर चित्र दहापट मोठं करून फोकस करायची सोयही या कॅमेऱ्यात आहे, आणि पुतण्याच्या मित्राच्या आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यात तर स्वच्छ असलेल्या कडा रंगीत दिसतात. पण मोठं करून पाहायला ट्रायपॉड हवा आणि समोरचा माणूस दगडासारखा हवा. अब्बा आता बसल्या जागी किंचित डोलतात.

ऑटोफोकसची लेन्सही लावून पाहिली. खोटं का बोलू? दहातले आठ फोटो स्वच्छ आले. पण त्या आठांतल्या पाचांत फोकस चष्म्याच्या दांडीवर होता. कॅमेऱ्याला कडा दिसली, त्यानं ती धरली. त्याला अब्बा कोण हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण हाताला येत नव्हतं.

अब्बा हे सगळं बाजेवरून ऐकत होते. रिंग फिरवल्याचा आवाज होत नाही, पण शटरच्या आवाजावरून त्यांना माझी घाई कळत असावी. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाले, "इकडे आण." मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्याला लावलाच नाही. डावा हात खालून लेन्सखाली गेला, अंगठा आणि दोन बोटं रिंगवर बसली आणि ती फिरू लागली. जणू कालच दुकान बंद केलं होतं.

"तू कशी फिरवतेस? स्वच्छ दिसलं की थांबतेस?"

"हो अब्बा. मग काय करायचं?"

"थांबायचं नाही. पुढे जायचं. पुन्हा पुसट झालं की माघारी यायचं. पुन्हा थोडं पलीकडे, पुन्हा माघारी. दोन्हीकडची पुसट जागा कळली की मधली आपोआप कळते. आहिस्ता, बेटा. जल्दी किसकू है?"

मग म्हणाले, "जवारी लावताना पाहिलंयस ना? जा, जाऊन बस थोडा वेळ."

आमच्या मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात हे सांगायला नको. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मिरजेत जन्मून मी ते काम कधी जवळून पाहिलं नव्हतं. सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांकडे अब्बांचं नाव सांगून गेले. चाचा तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सारत होते. दोरा केसभर पुढे, तार छेडायची. केसभर मागे, पुन्हा छेडायची. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. मग एका जागी तार एकदम खुलली, भरून वाजू लागली. मला वाटलं, झालं. चाचांनी दोरा तरीही पुढे सारला, आवाज पुन्हा बसू दिला आणि मग माघारी आणला. मी विचारलं, "चाचा, मिळालं होतं ना?" ते म्हणाले, "मिळालं होतं, पण मिळालंय हे कळायला नको का?"

घरी परतताना ते वाक्य डोक्यात घोळत होतं. नेमकी जागा तिच्यावर उभं राहून कळत नाही. ती ओलांडावी लागते, चूक करून माघारी यावं लागतं. शाळेत छत्तीस वर्षं मी मुलांच्या चुकांवर लाल शाईनं फुल्या मारल्या. चूक ही बरोबर उत्तराची एक बाजू असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुठल्या मुलाला सांगितलं नव्हतं.

महिनाभर मी रोज असरनंतर सराव केला. पाण्याचा माठ, दारातली तुळई, शेजारणीची मांजर. कोपर पोटाशी टेकवायचं, श्वास सोडून क्षणभर थांबायचं. फोकस जवळपास आला की रिंग सोडायची आणि स्वतःच किंचित पुढेमागे व्हायचं. नजरेला जागा लागली की शटर दाबायचं. एकाऐवजी तीन फोटो घ्यायचे. दहातले चार स्वच्छ येऊ लागले, मग पाच. अब्बा रोज विचारायचे, "आज किती?" शाळेतून आलेल्या पोरीला गुण विचारावेत तसे. एके दिवशी मी धीर करून म्हटलं, "अब्बा, हे मला तेव्हाच शिकवलं असतं तर?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चूक झाली. तुझी अम्मीपण म्हणायची, पोरीला शिकवा म्हणून. मला वाटलं, लोक काय म्हणतील." एवढंच. पस्तीस-चाळीस वर्षं जपलेली तक्रार एवढ्या चार वाक्यांत संपली. त्यांनी सबबी सांगितल्या असत्या तर बहुधा ती आणखी काही वर्षं टिकली असती.

तरी अब्बांचा फोटो काही जमेना. माठ डोलत नाही, अब्बा डोलतात. शिवाय मी फार वेळ नेम धरून बसले की त्यांना समोर कुणीतरी ताटकळतंय असं वाटायचं आणि चेहरा आखडायचा. शेवटी ते म्हणाले, "मशीनच्या खणात अम्मीची टेप असेल. ती आण."

अम्मी मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवायची. तिचं मशीन अजून माजघरात आहे, आणि खणात टेप होती. पिवळी, कापडी, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. साठ इंचांची, म्हणजे बरोबर पाच फूट.

अब्बांनी सांगितलं, "कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक गोल असेल, त्याला आरपार रेघ. सापडला? फिल्म तिथे असते. तुझ्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी जे काही असेल तेही तिथेच असणार. लेन्सवरचे आकडे तिथून मोजायचे, काचेपासून नाही. रिंग पाच फुटांवर ठेव. टेपचं एक टोक त्या गोलावर आणि दुसरं माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याशी. आणि साठवर नको, साडेएकोणसाठवर बसव. कापडी टेप जुनी झाली की ताणते."

मी हसले. "अब्बा, एवढे मोठे फोटोग्राफर, आणि टेपनं फोकस?"

"तुझ्या अम्मीचा असाच काढला."

मी टेप हातात धरून उभी राहिले.

"हजचा फोटो," अब्बा म्हणाले. "काचेतून पाहायला लागलो की मान फिरवायची. पासपोर्टच्या फोटोला मान फिरवून कसं चालेल? तीनदा फिल्म वाया गेली. मग मी तिचीच टेप घेतली. म्हटलं, तू ब्लाउजचं माप घेतेस तसं मी घेतो. टेपला ती लाजायची नाही. तिच्या कामाची चीज होती ना. माप घेतलं, कॅमेरा तिपाईवर ठेवला, आणि मी बाजूला उभा राहून तिच्याशी बोलत राहिलो. बोलता बोलता बटन दाबलं. मी तिच्याकडे पाहिलंच नाही, म्हणून तो फोटो आला."

इतकी वर्षं मी तो फोटो कुणा साहेबासाठी धरलेल्या चेहऱ्याचा समजत होते. ती समोर पाहत होती, कारण समोर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी असरनंतर मी अब्बांना खिडकीशेजारी खुर्चीत बसवलं, भिंतीला पाठ टेकवून, म्हणजे डोलणं कमी. पुतण्यानं ठेवलेल्या ट्रायपॉडवर कॅमेरा लावला. २.८ ठेवलं. रिंग पाच फुटांवर. टेपचं टोक गोलावर धरून दुसरं टोक त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं, साडेएकोणसाठवर. टेप त्यांच्या गालाला लागली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मग मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहिले आणि स्टुडिओच्या गोष्टी काढल्या. पहिलं भाडं किती होतं, दुधी काचेवर दादा उलटे कसे दिसायचे. ते हसले. मी बटन दाबलं. पुन्हा दाबलं. पाच-सहा घेतले.

त्यातला तिसरा आला आहे. उजव्या डोळ्याची पापणी, पांढरी भुवई, कपाळावरची नमाजची खूण, सगळं स्वच्छ. फक्त अब्बा माझ्याकडे पाहत नाहीत. त्यांची नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे, जरा वर आहे. भाईजानला फोनवर पाठवला तर तो म्हणाला, "छान आहे, पण अब्बांचं लक्ष दुसरीकडे आहे. अजून एक काढ." मी त्याला सांगितलं की हे असंच आहे. ज्याच्या नजरेचा मध्य गेला आहे त्याला समोरच्या माणसाला पाहायचं असेल तर बाजूला पाहावं लागतं. कडेच्या नजरेत तेव्हाच माणूस येतो. अब्बा सरळ माझ्याकडे पाहतात तेव्हा मी धुरात असते. खांद्यापलीकडे पाहतात तेव्हा त्यांना मी दिसते. त्या फोटोत ते मलाच पाहत आहेत.

प्रिंट करून आणली तेव्हा त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांसमोर न धरता कानशिलाच्या बाजूला धरली, उजेडाकडे तिरकी केली आणि कागदाच्या कडांवरून बोट फिरवलं.

"किती ठेवला होतास? दोन पॉइंट आठ?"

"हो."

"मग कान गेला असेल."

मी पाहिलं. कान खरंच पुसट होता. डोळ्यापासून कान चार इंच मागे, आणि २.८ ला मागे दोनच इंच मिळतात. त्यांनी न बघता सांगितलं.

"चार ठेवायचं होतं," अब्बा म्हणाले, आणि प्रिंट मला परत दिली. "उद्या पुन्हा काढ."